घामाचे माप न्यायालयापुढे कोण मांडणार?

नीरा डाव्या कालव्याने बारामती व इंदापूर या तालुक्यांचे भाग्य पालटले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशी साखर कारखान्यांची मालिकाच या पट्ट्यात उभी राहिली. दरवर्षी हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून व नगर जिल्ह्यातून ऊसतोड कुटुंबे येथे येऊन कोप्या उभारतात. या वैभवात त्यांचा न्याय्य वाटा किती, हा प्रश्न व्यासपीठावरून पुष्कळदा विचारला जातो. न्यायालयात मात्र तो क्वचितच सिद्ध होतो. तेथे कळवळा पुरत नाही, पुरावा लागतो.

आणि नेमका पुरावाच या मजुरापाशी नसतो. उचल मुकादमाकडून घेतलेली, वजन कारखान्याच्या काट्यावरचे, हिशेब मुकादमाच्या वहीत. पतिपत्नी मिळून 'एक कोयता' धरला जात असल्याने स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र नोंदच उरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली व दर टनामागे सुमारे ३६६ रुपयांवर गेला. समजा, एका जोडप्याने दिवसात दीड टन ऊस तोडला, तर मिळकत ५४९ रुपये. माणशी पावणेतीनशेही नाहीत. ही रक्कम किती तासांची? रात्री गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ कामाचा की विश्रांतीचा? टनाचा आकडा याचे उत्तर देत नाही. वेळेनुसार किमान दर ठरलेला असताना केवळ काम उक्ते दिले म्हणून त्याहून कमी देता येत नाही, हे कायद्याचे तत्त्व खरे; पण तास सिद्ध झाल्याखेरीज ते लागू कसे करावे?

येथेच तज्ज्ञ साक्षीदाराचे महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ ने तज्ज्ञांच्या मताची कक्षा विज्ञान व कला यांपलीकडे अन्य क्षेत्रांपर्यंत नेली आहे. कामगार न्यायालयांना ही कल्पना नवी नाही. विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीला सल्लागार म्हणून नेमण्याची मुभा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती. फरिदाबादच्या दगडखाणीतील मजुरांच्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयआयटीतील डॉ. पटवर्धन यांच्याकडून पाहणी करवून घेतली. उलटतपासणी झाली नाही म्हणून असे अहवाल त्याज्य ठरवावेत, हा आक्षेप न्यायालयाने डिसेंबर १९८३ च्या निकालात मान्य केला नाही. त्याही आधी, १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा निकष ठरविताना आहारतज्ज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशींचा आधार घेतला होता.

अमेरिकेतील टायसन फूड्स खटलाही बोलका आहे. संरक्षक पोशाख चढविण्या-उतरविण्यास लागणाऱ्या वेळेची नोंद त्या मांसप्रक्रिया कंपनीने ठेवली नव्हती. तज्ज्ञाने चित्रफितींवरून सरासरी काढली. एका विभागासाठी १८ मिनिटे, दुसऱ्यासाठी सव्वाएकवीस. नोंद ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे. त्या त्रुटीचा लाभ त्यालाच मिळू नये, या विचाराने २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य मानला. बारामतीच्या फडात असे मोजमाप करणे का अशक्य असावे?

आक्षेप घेतला जाईल की तज्ज्ञ भाडोत्री असतात. ज्याचे मानधन, त्याचे मत. आक्षेप निराधार नाही. म्हणूनच तज्ज्ञ पक्षकाराने नव्हे, न्यायालयाने नेमावा आणि खर्चाचा भार मजुरावर पडू नये. त्याने कोणती पद्धत वापरली, किती टोळ्या पाहिल्या, हे उघड असावे व दोन्ही पक्षांना उलटतपासणीची संधी मिळावी. तज्ज्ञाचे मत सल्ल्यापुरतेच. निर्णय न्यायाधीशाचाच, ही मर्यादा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केली आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेच्या कलम ५९ ने देणी दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि, देणे किती होते हेच मोजले गेले नाही, तर या जबाबदारीला अर्थ उरत नाही. यासाठी कृषी विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा वैधमापन यंत्रणेतील जाणकारांची सूची शासनाने सिद्ध करावी. एका हंगामात या दोन तालुक्यांतील काही टोळ्यांच्या कामाचे तास, तोडलेला ऊस व काट्यावरील वजन यांची शास्त्रशुद्ध नोंद व्हावी. काटा अचूक ठरला तर ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचेही हितच आहे. दोघांचेही पैसे त्याच काट्यावर ठरतात.

उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन होते, रसाचा उतारा दशांशापर्यंत मोजला जातो. श्रमाला मात्र आपण अंदाजावर सोडले आहे. ज्या समाजात श्रमाला प्रतिष्ठा आहे असे आपण म्हणतो, त्या समाजाला ही विसंगती शोभत नाही.