खाणीचें मुद्दल कोणाचें?

एखाद्या गृहस्थानें वडिलार्जित जमिनीचा एकेक तुकडा दरसाल विकावा, आलेला पैसा घरखर्चांत घालावा आणि वर्षअखेरीस "यंदा आमचें उत्पन्न वाढलें" असें शेजाऱ्यांस सांगावें, तर त्यास शहाणा कोणी म्हणणार नाहीं. पेढीवरचा साधा कारकूनहि त्यास सांगेल कीं, हें उत्पन्न नव्हे, हें मुद्दल चाललें आहे. परंतु हीच गोष्ट जेव्हां एखादें सरकार करितें, तेव्हां तिला "महसुलाची भरभराट" असें गोंडस नांव मिळतें. शेतांतलें पीक पुढल्या वर्षीं पुन्हां येतें. खाणींतून काढलेलें लोखंड पुन्हां येत नाहीं. खाणींच्या धंद्याचा विचार करितांना हा एक भेद आमच्या वाचकांनीं मनांत पक्का धरावा, म्हणजे पुढील हिशेब समजण्यास अडचण पडणार नाहीं.

हा हिशेब शिकण्यास गोव्याइतकें जवळचें उदाहरण दुसरें नाहीं. पोर्तुगीज अमलांत तेथील खाणींच्या सनदा खाजगी लोकांस कायमच्या देण्यांत आल्या. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला, तरी या सनदा मोडून त्यांचे मुदतीचे पट्टे करण्याचा कायदा होण्यास १९८७ साल उजाडावें लागलें. म्हणजे परकी सत्ता गेल्यावरहि तिनें दिलेली सनद पाव शतक जिवंत राहिली! पुढें या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीं संपली असें सर्वोच्च न्यायालयानें २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत ठरविलें, आणि त्यानंतर झालेलें सर्व उत्खनन बेकायदा असल्याचें स्पष्ट सांगितलें. भाडेपट्टा संपल्यावर घर न सोडणाऱ्या भाडेकरूस आपण काय म्हणतों, हें वाचकांस ठाऊकच आहे. येथें तर भाडेकरू नुसता राहिला नाहीं, त्यानें घराच्या विटाहि विकल्या.

आणि त्या विटांस भाव तरी कसा होता? त्याच वर्षांत चीनच्या पोलादी भट्ट्यांची भूक वाढली आणि लोहखनिजाचा भाव जगाच्या बाजारांत कधीं नव्हता इतका चढला. मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्जांच्या रांगा मुरगांव बंदराकडे चालल्या. २०१०-११ सालीं गोव्यांतून पांच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशीं गेलें. या लुटीच्या काळांत मालकास, म्हणजे जनतेस, काय मिळालें? ऑगस्ट २००९ पर्यंत स्वामित्वधन, ज्यास व्यापारी रॉयल्टी म्हणतात, तें टनामागें ठरीव रुपयांत घेतलें जाई, आणि उत्तम प्रतीच्या मालासहि तो आंकडा तीस रुपयांच्या आंतच होता. भाव दुप्पट होवो कीं चौपट, मालकाचे रुपये तेवढेच! नंतर हा दर किमतीच्या १० टक्के झाला आणि २०१४ सालीं १५ टक्के. निर्यातीवरचा कर तर दिल्लीच्या तिजोरींत पडतो. ज्या गांवाची टेकडी पोखरली त्यास त्याचा वासहि येत नाहीं.

त्या गांवाचा जमाखर्च निराळाच आहे. खाण पाण्याच्या पातळीखालीं गेली कीं विहिरी आटतात. पावसाळ्यांत मातीचे ढीग वाहून शेतांत येतात. झऱ्याच्या पाण्यावर होणारें वायंगण बुडतें. हा खर्च खाणवाल्याच्या कीर्दींत कोठेंहि पडत नाहीं, म्हणून नफा फुगलेला दिसतो. जो खर्च आपण शेजाऱ्याच्या खात्यावर लिहिला, तो वजा करून उरलेल्या रकमेस नफा म्हणणें ही व्यापारी सचोटी नव्हे.

दुसरी बाजूहि आम्हीं झांकूं इच्छीत नाहीं. न्यायमूर्ति शहा आयोगाचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरांत संसदेपुढें आला, आणि त्याच सुमारास खाणी बंद पडल्या. पुढें त्या कांहीं काळ चालल्या. परंतु घाईघाईनें केलेलें ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण ७ फेब्रुवारी २०१८ रोजीं न्यायालयानें रद्द केलें आणि धंदा पुन्हां थांबला. डिचोली, सांखळी, कुडचडें येथील बाजारपेठांस याची झळ लागली. ज्यांनीं कर्ज काढून ट्रक घेतले त्यांचे ट्रक दारांत उभे राहिले; गॅरेजवाला, खानावळवाला, किराणा दुकानदार, सर्वांची उधारी थकली. या लोकांविषयीं आम्हांस खरी कळकळ आहे. परंतु त्यांच्यावर ही पाळी न्यायालयानें आणली, असें जें म्हटलें जातें तें आम्हांस मान्य नाहीं. मुदत संपलेल्या पट्ट्यावर चाललेला धंदा केव्हां तरी थांबणारच होता. तेजीच्या वर्षांत त्यांतला कांहीं पैसा बाजूस ठेविला असता, तर मंदीच्या वर्षांत ट्रकवाल्याचा हप्ता भरतां आला असता. दोष बंदीचा नव्हे, शिल्लक न ठेवणाऱ्या कारभाराचा आहे.

मालकाचा हक्क किती मोलाचा होता, हें तर लिलावानेंच उघड केलें. २०१५ च्या दुरुस्तीनें खाणपट्टे लिलावानेंच द्यावे असें ठरलें. त्याप्रमाणें गोव्यांत २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले, तेव्हां पहिल्याच पट्ट्यास खनिजाच्या ठरीव मूल्याच्या ६० टक्क्यांहून अधिक बोली आली. पूर्वीं जेथें १० टक्के घेऊन मालकाची बोळवण होत होती, तेथें आज धंदेवालेच साठ टक्के देऊं म्हणतात! मग मधला फरक इतकीं वर्षें कोणाच्या घरीं गेला? कोणी म्हणेल, खाणींत भांडवल अडकतें, भाव पडण्याचा धोका असतो, आणि चढाओढीची बोली पुष्कळदां अंगलट येते. हें खरें आहे; बोली म्हणजे वसुली नव्हे, आणि न पेलणारी बोली देऊन खाण पडीक ठेवणारेहि निघतील. परंतु हा मुद्दा लिलावाच्या अटी कडक करण्यास पुरावा होतो, जुन्या खैरातीस नव्हे.

कायद्याची दिशा आतां पालटली आहे, हें समाधानाचें आहे. २५ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें आठ विरुद्ध एक अशा मतानें निकाल दिला कीं, स्वामित्वधन हा कर नव्हे. तो पट्टेदारानें मालकास द्यावयाचा मोबदला आहे, आणि खनिजांच्या हक्कावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांस आहे. आमच्या मतें या निकालाचा अर्थ सरकारांनीं अर्धाच वाचला आहे. आपला अधिकार त्यांनीं तत्काळ ओळखला. पण मोबदला ही विक्रीची किंमत आहे, आणि विकलेल्या मुद्दलाची किंमत चालू खर्चांत घालतां येत नाहीं, हें उरलेलें अर्धें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. राज्य हें खनिजाचें मालक खरें, पण विश्वस्त या नात्यानें. आणि या ट्रस्टाचे वारस अजून जन्मासहि आलेले नाहींत. अज्ञान वारसाची मिळकत विकून पैसा उडविणाऱ्या पालकास दिवाणी न्यायालय काय करितें, हें सांगावयास नको.

बोट्स्वाना हा आफ्रिकेंतील लहानसा देश १९६६ सालीं स्वतंत्र झाला तेव्हां अत्यंत दरिद्री होता. हिरे सांपडल्यावर त्यानें खाणींच्या कंपनींत निम्मा हिस्सा घेतला आणि पुढें १९९४ सालीं निराळा निधि उभारला. गोव्यासहि न्यायालयानें २०१४ सालीं विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमचा निधि पुढील पिढ्यांकरितां करावयास सांगितलें. जें सरकारानें आपण होऊन करावयाचें, तें न्यायालयास सांगावें लागलें, ही भूषणाची गोष्ट नव्हे.

हें सर्व आज लिहिण्याचें कारण असें कीं, आमच्या महाराष्ट्रांतहि गडचिरोलींत सूरजागडच्या डोंगरांतून लोखंड निघूं लागलें आहे. त्या जिल्ह्यास रोजगार मिळावा, कोनसरीसारख्या ठिकाणीं कारखाने वाढावे, हें आम्हांसहि हवें आहे. परंतु आमच्या तीन मागण्या आहेत. मोबदल्याचा ठरीव भाग न मोडतां येणाऱ्या निधींत पडावा; जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पै-पैचा हिशेब गांवोगांवीं मराठींत व तेथील माडिया लोकांच्या बोलींत वाचून दाखवावा; आणि खाण बंद होतांना जमीन सांवरण्याचा खर्च पट्टेदाराकडून आधींच अनामत घ्यावा. यांत अशक्य असें कांहीं नाहीं. आमचे व्यापारी वाचक दिवाळीस वही पुजतात, तेव्हां मुद्दल आणि नफा एकाच खात्यांत कधीं लिहीत नाहींत. सरकारच्या वहींतहि तेवढी शिस्त असावी, इतकेंच आमचें मागणें आहे. आणि तें पुरें होईपर्यंत वहीच पाहण्याचा आग्रह धरणें हें प्रत्येक नागरिकाचें काम आहे.