रूळ, रानहत्ती आणि यंत्राची नजर

२० डिसेंबर २०२५ रोजी पहाटे आसामच्या होजाई जिल्ह्यात राजधानी एक्स्प्रेस हत्तींच्या कळपावर आदळली. किमान सात हत्ती प्राणास मुकले व गाडीचे पाच डबे घसरले. सुदैवाने प्रवासी बचावले. चालकाने तातडीचे ब्रेक लावले होते. परंतु कळप दृष्टीस पडेपर्यंत वेळ निघून गेली होती.

अशा अपघातांवर उपाय नाही काय? आहे, आणि तो आपल्याच देशात अंमलात आला आहे. तामिळनाडूत कोइमतूरजवळच्या मदुक्करै वनक्षेत्रातून केरळकडे जाणारा लोहमार्ग हत्तींच्या वाटा छेदतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथे एकाच रात्री तीन हत्ती गाडीखाली सापडले. त्यानंतर वनखात्याने सुमारे ७ कोटी २४ लाख रुपये खर्चून रुळांलगत बारा मनोरे उभारले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित यंत्रणा कार्यान्वित केली.

मनोऱ्यांवर साध्या कॅमेऱ्यांबरोबरच शरीराच्या उष्णतेचा वेध घेणारे कॅमेरे आहेत. त्यांना काळोखातही दिसते. चित्रातील आकृती हत्तीची की अन्य कशाची, हे ओळखण्यास संगणकाला शिकविलेले आहे. हत्ती रुळांजवळ येताच नियंत्रण कक्षात इशारा मिळतो. तेथून रेल्वेस निरोप जातो, गाडीचा वेग कमी केला जातो आणि वनरक्षक घटनास्थळी धावतात. पहिल्या वर्षात त्या टापूत एकही हत्ती गाडीखाली आला नाही, असे वनखात्याने सांगितले. रेल्वेनेही ‘गजराज’ नावाची यंत्रणा आणली आहे. रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबर तारेला हत्तींच्या पावलांची कंपने जाणवतात व त्यावरून इशारा दिला जातो.

मग होजाईत काय घडले? अपघाताची जागा घोषित हत्तीमार्गात नव्हती, असे रेल्वेने स्पष्ट केले. नेमके येथेच विचार करावयास हवा. हत्ती सरकारी नकाशा पाहून चालत नाहीत. जंगल तुटले, पीक पिकले, पाणी आटले की त्यांच्या वाटा बदलतात. यंत्र मात्र माणसाने जेथे बसविले तेथेच पाहते. शिवाय यंत्र केवळ इशारा देते. गाडी सावकाश हाकायची, की वेळापत्रक सांभाळायचे, हा निर्णय माणसाचाच असतो. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या टिपणातही नैतिक उत्तरदायित्व यंत्राचे नसून माणसाचे आहे, हेच सांगितले आहे.

म्हणून आमच्या मते कॅमेरे व तारा यांचा विस्तार आवश्यक आहे. पण हत्तींच्या वाटांची वेळोवेळी नव्याने पाहणी, रात्रीची वेगमर्यादा आणि रुळांखालून प्रशस्त भुयारी मार्ग हीसुद्धा तितकीच निकडीची कामे होत. रानातून रूळ आपण नेले. त्यावरून हत्तींना सुखरूप जाऊ देणे हे आपले कर्तव्य आहे.