अन्वय, व्यतिरेक आणि काळा पडदा

संगणकासारख्या यंत्राविषयीं आम्ही कांहीं लिहावें, हें वाचकांस विनोदाचें वाटेल. आमचा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत गेला. तथापि गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यांत यंत्रापेक्षां माणसांविषयींच शिकण्यासारखें अधिक असल्यामुळें तो येथें सांगतों.

आमचा नातू वास्तुरचनेच्या महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षास आहे. सुट्टींत तो मुलचेऱ्यास आला असतां इमारतींचे नकाशे काढण्यास घरचा जुना संगणक अपुरा पडूं लागला. म्हणून आजीनें सांठविलेल्या पैशांतून त्यानें चंद्रपुराहून एक ग्राफिक्स कार्ड आणविलें. पडद्यावर चित्र उमटविण्याचें गणित हें कार्ड स्वतःकडे घेतें व मुख्य प्रोसेसरचा भार हलका होतो. कार्ड बसविलें, कळ दाबली. पंखे फिरूं लागले, पण पडदा काळाच! "शिकलेल्या पोरानें चालतें यंत्र मारलें," असें आमचे धाकटे बंधू मोठ्यानें बोलले. आम्हीं त्यांस आवरलें नाहीं. उलट उतावळेपणावर एक सुभाषितही ऐकविलें. मुलगा त्या रात्रीं पानावरून उठून गेला. नकाशे पाठविण्यास चारच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला, "मामंजी, शाळेंत तुम्ही अन्वय-व्यतिरेक शिकवीत होतां ना?" आम्ही ओशाळलों. जें असतां कार्य घडतें तो अन्वय. जें नसतां तें घडत नाहीं तो व्यतिरेक. दोन्ही पाहिल्यावांचून कारण ठरवूं नये, असें शास्त्र सांगतें. आणि आम्हीं तर कारणाआधींच अपराधी ठरविला होता!

मग नातवास शेजारीं बसवून, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, असा नियम केला. प्रथम वीज बंद करून तार काढली आणि पेटीच्या उघड्या धातूस हात लावला. अंगांतील स्थिर विजेनें नाजूक भाग बिघडूं नयेत म्हणून ही काळजी. कार्ड काढून पाहिलें, तों पडदा पूर्ववत् उजळला. म्हणजे यंत्र मेलें नव्हतें. शिवाय पडद्याची तार मुळींच न हलवितां चित्र आलें. म्हणजे ती मदरबोर्डाच्या जुन्याच तोंडांत होती. नवें कार्ड बसल्यावर पुष्कळ यंत्रांत हें जुनें तोंड आपोआप बंद होतें. कार्ड पुन्हां खांचेंत 'खट्' असा आवाज होईपर्यंत दाबलें, तार त्यास जोडली, आणि चित्र उमटलें.

पण आनंद घटकाभरच टिकला. मोठा नकाशा उघडतांच यंत्र एकदम बंद पडे. कार्ड काढून तोच नकाशा उघडला, तर काम संथ चाले, पण यंत्र बंद पडत नसे. पूर्व बंगालमधून येऊन येथें वसलेलें एक कुटुंब आमच्या शेजारीं आहे. त्यांच्या संगणकांत तेंच कार्ड दोन तास बिनतक्रार चाललें. तेव्हां दोष कार्डांत नाहीं, यंत्रांतही नाहीं. दोहोंच्या संयोगांत आहे. भार पडतांच बंद पडतें, त्या अर्थीं विजेचा पुरवठाच अपुरा असावा. वीज पुरविणाऱ्या पेटीवर, जिला एसएमपीएस म्हणतात, २५० वॅट हा आंकडा होता. कार्डास खांचेंतून फार तर ७५ वॅट मिळतात आणि सहा टांचण्यांच्या वेगळ्या तारेंतून आणखी ७५. आमच्या पेटीस ती तारच नव्हती. एक जोडतार लावून वेळ भागविली होती. तीच खूण प्रथम ओळखावयास हवी होती. शिवाय पेटीवरील आंकडा सर्व तारांचा मिळून असतो. कार्डास लागणारी बारा व्होल्टची वीज हा त्याचा एक भाग होय. आष्टीमार्गें येणाऱ्या एस. टी.नें ४५० वॅटची नवी पेटी आली आणि बिघाड संपला. जुनी पेटी मात्र कोणीं घरीं उघडूं नये. तार काढल्यावरही तींत घातक वीज सांठून राहते.

त्या सायंकाळीं नातवास आम्हीं आणखी एका कार्डाची हकीकत सांगितली. कानपूरच्या आय. आय. टी.त सुरू झालेलें काम १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें पुढें नेलें, आणि 'जिस्ट' नांवाचें कार्ड खांचेंत बसवितांच इंग्रजीपुरत्या यंत्राच्या पडद्यावर देवनागरी अक्षरें उमटूं लागलीं. आपली लिपी संगणकांत शिरली ती अशाच एका खांचेंतून!

नकाशे वेळेवर गेले. बंधूंनीं नव्या पेटीचे पैसे मुकाट्यानें दिले. आम्हीं मात्र नातवाजवळ स्पष्ट शब्दांत चूक कबूल केली. छत्तीस वर्षें इतरांच्या मुलांस कारण शोधावयास शिकविणाऱ्यानें तेवढें तरी केलेंच पाहिजे. वाचकहो, घरांत कांहीं बिघडलें असतां 'कोणीं केलें?' असें विचारण्यापूर्वीं 'कशानें झालें?' असें विचारून पाहावें. यंत्र दुरुस्त होतें; पानावरून उठलेलें मूल मात्र परत पानावर बसवावें लागतें.