वसतिगृह म्हणजे नुसती खोली नव्हे

बारावीचा निकाल लागला की मूल, सावली, पोंभुर्णा इकडच्या आपल्या घरांत एक चर्चा ठरलेली असते. “पोरगी हुशार आहे, पण हॉस्टेलला कशी ठेवायची?”

2011 साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांची कॉलेजे नागपूर विद्यापीठातून निघून त्याला जोडली गेली. अंतर कमी झाले खरे. पण एसटीने रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलीचा दिवस बसच्या वेळेला बांधलेला असतो. तास संपला की ती स्टँडवर. ग्रंथालय, संध्याकाळचे व्याख्यान, मैत्रिणींबरोबर बसून केलेला अभ्यास, यातले तिच्या वाट्याला काय येते? (मुलाला नागपूरला खोली करून देताना हीच घरे फार विचार करीत नाहीत. असो.)

पालकांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती शंभर वर्षांपूर्वी अलीगढमध्येही होती. तिथले वकील शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी 1906 साली मुलींची शाळा काढली. 1914 साली तिला वसतिगृह जोडले. शरीफ घरातली मुलगी परक्या छताखाली झोपणार, ही कल्पनाच तेव्हा लोकांना सोसत नव्हती. मग वहीद जहाँ आपले घर सोडून मुलींबरोबर वसतिगृहात राहायला गेल्या. मुली त्यांना ‘आला बी’ म्हणत. वसतिगृहाच्या भिंती उंच होत्याच, पण आत कोण राहते हे कळल्यावर आईबापांना धीर आला. पुढे डॉक्टर आणि लेखिका म्हणून नाव मिळवलेल्या रशीद जहाँ या त्यांच्याच कन्या. त्या छोट्या शाळेचे पुढे अलीगढ विद्यापीठाचे महिला महाविद्यालय झाले, आणि तिथल्या मुलींच्या निवासाला अब्दुल्ला हॉल म्हणतात.

अलीगढमध्ये ‘हॉल’ म्हणजे झोपण्यापुरती जागा नाही. तिथे प्रोव्होस्ट असतो, वॉर्डन असतात, जेवणघर आणि वाचनखोली असते. बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही वेगळे केंद्र आहे. आपला माणूस कुठेतरी जोडलेला असावा, हा त्यामागचा विचार.

आपल्या महाराष्ट्रात याच्या दोन वाटा झाल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजमातींची वेगवेगळी बोर्डिंगे उभी केली. 1906 साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 साली उलट केले. सगळ्या जातीधर्मांची मुले एका बोर्डिंगात, एका पंगतीत. स्वयंपाक, झाडलोट मुलांनीच करायची. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. जैन घरातली ती बाई, सोवळेओवळे बाजूला ठेवून सगळ्यांची आई झाली.

पहिल्या पिढीला घराबाहेर काढायला कोल्हापूरची वाट लागली, हे मान्य. पण माझी मुलगी असती तर मी तिला साताऱ्याच्या वाटेने पाठवले असते. खोलीत गोंड, कुणबी, बौद्ध घरची मुलगी शेजारी असली की परीक्षेच्या आदल्या रात्री कोण कुणाला उठवते, याला जात उरत नाही. पुढे नोकरीत, दवाखान्यात, कचेरीत याच मुली एकमेकींच्या ओळखीच्या निघतात.

मात्र ‘आला बी’ पाहिजेच. प्रवेश घेण्याआधी फीपेक्षा हे विचारा: वॉर्डनबाई रात्री तिथेच राहतात की सहीपुरत्या येतात? मुलगी आजारी पडली तर रात्री तिच्याबरोबर कोण जाईल? मेसच्या कमिटीवर मुली आहेत का? रमजानमध्ये सहरीला काही मिळण्याची सोय होईल का? मेस पहाटे उघडत नसेल तर रात्रीच डबा भरून ठेवू देतील का? मांसाहाराचा प्रश्न येतोच. बहुतेक मुली मेसमध्ये वरणभात-भाजी खाऊन निभावतात आणि मटण घरी आल्यावर मागतात.

आणि एकट्याने जाऊ नका. एकाच कॉलेजात मुली घालणाऱ्या दोन-तीन घरच्या आयांनी मिळून जावे. दुपारी कार्यालय दाखवतात. तुम्ही संध्याकाळी जा, जेवणाच्या वेळी, आणि मुलींच्या शेजारी बसून जेवा.