वेगळी चूल का मांडली?

"बायकांचा वेगळा बँड कशाला? कलेत कसलं आलंय बाई-पुरुष?" परवा चहाच्या वेळी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं. मी इंग्लंडमधल्या पंक संगीताविषयी सांगत होते. प्रश्न मोठा साळसूद आहे, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

१९७६-७७ च्या सुमारास तिकडे पंक आलं. त्याचं म्हणणं साधं होतं. चार सूर वाजवता येतात ना? मग काढा बँड! उस्ताद नको, मोठी कंपनी नको. त्यातला एक प्रवाह अराजकवाद्यांचा. 'क्रास' हा त्यांचा म्होरक्या बँड. (म्होरक्याच नको म्हणणाऱ्यांचा म्होरक्या! असो.) १९८० मध्ये 'क्रास' आणि 'पॉइझन गर्ल्स' या दोन बँडनी मिळून एक रेकॉर्ड काढली आणि तिच्या पैशांतून लंडनच्या वॉपिंग भागात, गोदीजवळच्या एका गोदामात अराजकवाद्यांचं केंद्र उभं राहिलं. तिथे सरकार नाही, मालक नाही, हुकूम नाही. सगळे सारखे.

आणि मंचावर कोण? मुलगे. गिटार मुलग्यांच्या गळ्यात, माइक मुलग्यांच्या हातात. मुली समोरच्या गर्दीत. शेवटी तिथे येणाऱ्या काही मुलींनी ठरवलं, आपलाच बँड काढायचा. त्या बँडचं नाव 'हॅगर द वूम्ब'. हे सगळं त्या केंद्राच्या बायकांच्या स्वच्छतागृहात ठरलं असं सांगतात. समतेच्या त्या मंदिरात बायकांना हक्काची जागा मिळाली ती तिथे! आता बोला!

परिपत्रक निघालं म्हणजे अंमल झाला असं नसतं, हे माझ्यासारख्या कारकुनाला कोणी सांगू नये. 'इथे कोणी सत्ताधारी नाही' असं भिंतीवर लिहून सत्ता जात नाही. ती माइक धरणाऱ्याच्या हातात राहते. सुंभ जळतो, पीळ जात नाही.

"पण त्यांना नीट वाजवता कुठे येत होतं?" हा पुढचा आक्षेप ठरलेलाच. अहो, वाजवता न येणं हीच तर पंकची शान होती ना? मुलग्यांनी बेसूर वाजवलं तर बंड आणि मुलींनी वाजवलं तर अडाणीपणा? हा न्याय कुठला?

जागा करून देता येत नाही असंही नाही. १९८१ मध्ये 'क्रास'ने 'पेनिस एन्व्ही' हा अल्बम काढला. नाव फ्रॉइडच्या सिद्धान्तावरून, त्याचीच टर उडवणारं. गाणी ईव्ह लिबर्टाइन आणि जॉय द व्हिव्र या दोघींची. बँडचा नेहमीचा गायक स्टीव्ह इग्नोरंट त्यात गायलाच नाही. माइकपासून बाजूला होणं म्हणजे काय, ते असं.

आणि 'पॉइझन गर्ल्स'ची व्ही सबव्हर्सा? जन्म १९३५ चा. १९७६ मध्ये बँड निघाला तेव्हा ही दोन मुलांची आई एक्केचाळीस वर्षांची होती. विशी-बाविशीच्या पोरांच्या गर्दीसमोर ती आईपणावर आणि बाईच्या वाट्याला येणाऱ्या जगण्यावर गायली. २०१६ मध्ये ती गेली. मी स्वतः चाळिशीत आहे. या वयात बाईने देवघरात बसून भजन म्हणावं, फार तर नातवंडांची वाट पाहावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला एकदा जरूर ऐकावं. आवडेलच असं नाही, पण झोप नक्की उडेल.

वेगळी चूल मांडली की घर फोडलं असा बोभाटा होतो. घर कधीचं फुटलेलं असतं. एकीला उपाशी ठेवून बाकीचे जेवतात, तेव्हाच ते फुटतं. पुढे 'हॅगर'मध्ये पुरुषही वाजवायला आले आणि मुलींनी त्यांना घेतलं. दार कोणी बंद केलं होतं, ते यावरून समजा.

तेव्हा सहकारी महाशय, 'वेगळा बँड कशाला' हे त्या मुलींना विचारू नका. पहिल्या बँडमध्ये त्या का नव्हत्या, ते विचारा.