गेंडे वाढले, गोत मात्र एकच

दुधवा राष्ट्रीय उद्यानातील गेंड्यांची संख्या चाळीसच्या वर गेली, ही वार्ता आनंदाची आहे. उत्तर प्रदेशच्या तराईतून एकोणिसाव्या शतकातच नामशेष झालेला हा प्राणी तेथे पुन्हा नांदतो आहे. परंतु शिरगणतीच्या आकड्यावर संतुष्ट राहणाऱ्या वनखात्याला एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हे चाळीस गेंडे मूळ किती जणांचे?

१९८४ साली आसामच्या पोबितोरा परिसरातून पाच गेंडे आणले गेले. त्यांतील काही लवकरच दगावले. १९८५ मध्ये नेपाळच्या चितवनमधून चार माद्या आल्या. त्यांच्या मोबदल्यात भारताने १६ प्रशिक्षित हत्ती दिले. (सौदा महागाचा होता, पण योग्यच होता.) मात्र या कळपाचा पिता प्रदीर्घ काळ एकच राहिला : बांके नावाचा नर. पिल्ले झाली, त्यांतील माद्या वयात आल्या, आणि त्यांच्यासमोरही पुन्हा तोच बांके!

सगोत्र विवाह निषिद्ध मानणाऱ्या समाजाला याचा अर्थ विशद करून सांगण्याची आवश्यकता नसावी. प्रत्येक जीव काही दोष सुप्तावस्थेत वाहत असतो. मातापिता दूरच्या कुळांतील असतील, तर एकाकडून आलेला दोष दुसऱ्याच्या निर्दोष जनुकामुळे झाकला जातो. निकटच्या नात्यात तोच दोष दोन्हीकडून उतरण्याचा संभव वाढतो. प्रजननक्षमता घटते, पिल्ले दुर्बल निपजतात. आणि साथ आलीच, तर साऱ्यांची प्रतिकारशक्ती सारखीच तोकडी ठरते.

ओडिशातील सिमिलिपालचे काळसर वाघ हे अशाच कोंडलेल्या वंशाचे चिन्ह आहे. त्यावर उपाय म्हणून २०२४ मध्ये आपल्या ताडोबातून जमुना व झीनत या दोन वाघिणी तेथे धाडण्यात आल्या. झीनत झारखंड ओलांडून बंगालपर्यंत भटकली, तिला पकडून परत आणावे लागले. तरीही धोरण योग्य होते.

दुधवात मात्र २०१८ मध्ये गेंड्यांसाठी दुसरे क्षेत्र उघडले, तेव्हा तेथे नेले तेही पहिल्याच कळपातील. जागा नवी, रक्त जुनेच! आसामला हे कार्य अपरिचित नाही. मानसमध्ये २००८ पासून पोबितोरा व काझीरंगा अशा दोन्ही ठिकाणचे गेंडे सोडण्यात आले. शिरगणतीबरोबर प्रत्येक जनावराची डीएनए-नोंदही प्रसिद्ध व्हावी, आणि नवे नर घेऊन आसामहून गाडी केव्हा निघणार, याची तारीख लखनौने जाहीर करावी.