१४५२ हा आकडा भिंतीवर लिहा

चांदसैली घाट ओलांडून धडगावच्या बाजूला गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते : "भाऊ, नेट चालू आहे, पण फॉर्म जात नाही." मी तळोद्याचा. सेवा केंद्रं, शाळा, ग्रामपंचायती यांचे राऊटर बसवणं आणि बिघडले की दुरुस्त करणं, हा माझा धंदा.

गेल्या पावसाळ्यात एका केंद्रावर पोहोचलो तेव्हा ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसून होती, बहुतेक पावरा. एक आजी नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आली होती. तीन दिवसांची मजुरी बुडाली, जीपचं भाडं वेगळं. केंद्र चालवणारा पोरगा म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, सरकारी पान उघडतं, कागदपत्रं अपलोड करायला गेलं की नुसतं गोल फिरत राहतं. त्याने सगळ्यांना 'सर्व्हर डाऊन' सांगून टाकलं होतं. सर्व्हर ठणठणीत होता.

नेटवर माहिती छोट्या छोट्या गठ्ठ्यांनी जाते. एका गठ्ठ्याची नेहमीची मर्यादा १५०० बाइट. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्या पीपीपीओई पद्धतीच्या, म्हणजे राऊटरमध्ये नाव-पासवर्ड भरून चालू होणाऱ्या. त्यात ८ बाइट खर्च होतात, उरतात १४९२. पत्ते वगैरेंचे ४० वजा केले की मजकुराला १४५२. ही मर्यादा राऊटरने दोन्ही टोकांना आधीच कळवायची असते. नाही कळवली तर लहान गठ्ठे जातात, मोठे वाटेत गळतात, आणि 'लहान करून पाठव' हा निरोपही मधल्या एखाद्या फायरवॉलमध्ये अडतो.

त्या राऊटरमध्ये १४५२ हाताने भरता येत होतं. भरलं, आणि पाच मिनिटांत आजीचा अर्ज गेला. पण वीज गेली की आकडा पुसला जायचा. सातपुड्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. रात्री घरी येऊन त्या राऊटरच्या फर्मवेअरची, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरची, कागदपत्रं वाचली. दोष तिथे नोंदवलेला होता, 'रिस्टार्टनंतर पुन्हा भरा' हा तोडगाही होता. सगळं इंग्रजीत, पार शेवटच्या पानांत. डबा ज्याच्या टेबलावर आहे, त्यालाच काय ते ठाऊक नव्हतं.

सॉफ्टवेअरमध्ये दोष राहतात, मोठ्यांच्याही राहतात. १२ ऑगस्ट २०१४ला जगभरच्या इंटरनेटच्या मार्गांची यादी ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेली आणि सिस्कोच्या जुन्या राऊटरांमधली ठरावीक जागा भरली. कित्येक ठिकाणी नेट अडखळलं. कंपनीने काही महिने आधीच सावध केलं होतं, तोडगाही दिला होता : आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीसाठी राखलेली जागा जुन्या आयपीव्ही४ला द्या आणि राऊटर रिस्टार्ट करा. ज्यांच्याकडे ते वाचणारा इंजिनिअर होता त्यांचं निभावलं. धडगावात तो इंजिनिअर कुठून आणायचा?

देशातलं पहिलं आधार आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१०ला दिलं गेलं. तेव्हापासून रेशनचा अंगठा, दाखले, शिष्यवृत्ती, सगळं एकेक करून या डब्यांतून जायला लागलं. म्हणून सरकारी पैशातून राऊटर घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला माझं कळकळीचं सांगणं आहे. निविदेत लिहा की माहीत असलेले दोष आणि त्यांवरचे तोडगे मराठीत, एका पानावर, डब्यासोबत आले पाहिजेत. वीज गेल्यावर सेटिंग टिकते का, हे बिल मंजूर करण्याआधी प्लग काढून बघा. अपडेट किती वर्षं मिळणार, ते लेखी घ्या. आणि तोडगा दिला म्हणून दुरुस्तीतून कंपनीला मोकळं सोडू नका. रोज आकडा भरणं हे त्या पोराचं काम नाही.

त्या दिवशी केंद्रातून निघताना मी राऊटरशेजारच्या भिंतीवर स्केचपेनने १४५२ लिहिलं, खाली कुठे जाऊन भरायचं ते. त्या केंद्रावरून या तक्रारीचा फोन पुन्हा आला नाही. बाकीच्यांचे येतात.